समुद्रकाठचा कूलर

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला, हे कधीकधी बायकोला विचारावं लागतं. कूलरचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं आठवतं, आणि आठवलं की हसू येतं. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि त्यांची परवानगी मी आधीच घेतली आहे.

तेव्हा मी बीड जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना होता. उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असत. बांधावरून भांडण, विहिरीवरची मोटार चोरीला, वरातीत गाण्यावरून हाणामारी, आणि टँकरच्या रांगेत हंड्यांवरून झालेली झोंबाझोंबी. दुपारी बारा ते चार मात्र शांतता. भांडणाऱ्यालाही सावली लागते. त्या वेळात मी प्रलंबित गुन्ह्यांचे कागद हातावेगळे करत असे आणि आमचे जुने हवालदार डोळे उघडे ठेवून झोपत असत.

अशाच एका दुपारी एक तरुण बाई आली. चौसाळ्याजवळच्या एका गावची सून, फार्मसी शिकलेली, गावातच औषधांचं दुकान चालवणारी. "जयभीम, साहेब," म्हणाली आणि मी खुर्ची दाखवली तरी बसली नाही. माझा अनुभव असा, की खोटी फिर्याद घेऊन येणारा माणूस आधी बसतो, पाणी मागतो, मग गोष्ट लावतो. ज्याचं खरंच काही गेलंय तो उभ्यानेच बोलतो.

तिच्या सासरी तीन भाऊ. थोरला शिक्षक, मधला शेती बघणारा, धाकटा म्हणजे तिचा नवरा फौजेत. त्यांची आई लवकर गेली आणि तिघांना वाढवलं आत्याने. ही आत्याबाई बीडला मुलांच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला होती. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना भाकरी थापून तिने या तिघांना शिकवलं. दोन वर्षांपूर्वी तिचं काम थांबलं. पुतण्यांनी विचारलं, आत्या, तुला काय करू? पाटल्या, टीव्ही, नारायणगडाला जाऊन यायचं, काय ते सांग. आत्याबाई म्हणाली, समुद्र बघायचाय. पण सगळे असतील तर. एकटीने बघायचा नाही.

तिघांच्या सुट्ट्या जुळायला दोन वर्षं गेली. आता जुळल्या होत्या त्या फौजी रजेवर आला म्हणून. त्याची रजा सोळा दिवसांत संपणार होती आणि निघायचा दिवस आठवड्यावर आला होता. माणसं तेरा. गाडी ठरली होती. राहायचं घर निवडण्याचं काम धाकट्या सुनेकडे होतं.

कुटुंबासाठी सुट्टीचं घर निवडणं म्हणजे काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. थोरल्या जावेला स्वतःची चूल हवी, कारण मासे असले तरी मसाला आपलाच पाहिजे. मधल्याला गाडी सावलीत लावायला जागा हवी. फौजीला तेराच्या तेरा माणसं एका ओळीत झोपतील अशी पडवी हवी. आत्याच्या गुडघ्यासाठी तळमजला, पोरांसाठी खिडकीतून समुद्र. आणि सगळ्यांच्या वर, पहिल्या नंबरावर, पाणी. औषध कंपनीच्या पॅडवर तिने अकरा अटी लिहून काढल्या होत्या. महिनाभर घरच्या ग्रुपवर फोटो फिरले, आणि एक जण हो म्हणाला की दुसरा ते घर पाडणारच. शेवटी एक घर असं आलं, की तेराही जणांनी एका संध्याकाळी होकार दिला. तिने आगाऊ रक्कम पाठवली. दुसऱ्या दिवसापासून घरमालकाचा फोन बंद. जाहिरातीत ज्या गावाचं नाव होतं, तिथल्या ग्रामपंचायतीत तिने फोन लावला, तर असं घर गावात नाहीच म्हणाले.

मी पैशाचं विचारलं. तिला त्याचं फार नव्हतं.

"पैशाचं व्हईल काहीतरी, साहेब," ती म्हणाली. "पण आत्याला कळलं की ती म्हणती, राहू द्या. एकदा का ती राहू द्या म्हणली, की पुन्हा कदीच जायची न्हाई. आन घर म्या निवडलंय. कोण काय बोलत न्हाई मला, पण भाकरी वाढताना माझ्याकडं बघंना गेलेत सगळे."

एवढं बोलून तिने मोबाईल टेबलावर ठेवला. फोटो पाहिला आणि मी पाणी प्यायलो. कारण ते घर मी ओळखत होतो. दोनच दिवसांपूर्वी जेवताना माझ्या बायकोने हेच घर मला दाखवलं होतं. मुलगी परीक्षा संपून आली होती, चार दिवस कुठेतरी जाऊ म्हणून मायलेकी महिनाभर माझ्या मागे लागल्या होत्या. लांबलचक पडवी, खाली फरशी, आणि आतल्या खोलीच्या मोठ्या खिडकीत निळाशार समुद्र. मी बायकोला एकच प्रश्न विचारला होता, कूलर आहे ना? ती म्हणाली, हा काय, खिडकीच्या शेजारी. मग बरं, म्हणून मी ताक प्यायलो होतो. सोमवारी ती पैसे पाठवणार होती.

हे मी त्या बाईला सांगितलं नाही. वर्दीतल्या माणसाला थोडी अब्रू लागते. फिर्याद घेतली, फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, आणि बायकोला हळूच फोन करून सोमवार रद्द केला.

पुढचे दोन दिवस तपास जागच्या जागी फिरत राहिला. पैसे गेलेलं खातं परराज्यातल्या कुणा मजुराच्या नावावर निघालं, सिमकार्ड तिसऱ्याच कुणाचं. सायबर शाखेला पत्र दिलं होतं. उत्तर येणार होतं, पण सरकारी चालीने येणार होतं, आणि फौजीची रजा काही सरकारी चालीने संपत नव्हती. मी समुद्रकाठच्या तीन ठाण्यांना फोटो पाठवून विचारणा केली. कोणीच ते घर ओळखलं नाही.

आमच्या ठाण्यात संगणकावर बसणारी एक महिला अंमलदार होती. तिचं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, अगदी समुद्रालगत. लग्न होऊन इकडे आली, आठ वर्षांत आमच्यासारखं तिखट खायला शिकली, पण बोलणं तिकडचंच राहिलं. ती रजेवरून परत आली, तेव्हा गुन्ह्याचे कागद तिच्यापुढे गेले. फोटो उघडला आणि बाई हसायला लागल्या. तपासाच्या कागदावर कोणी हसलेलं मला खपत नसे. मी केबिनमधून बाहेर आलो आणि विचारलं, काय झालं?

"साहेब, हे घर समुद्रावरचं नाहीच."

"कशावरून?"

"कूलर आहे ना इथे."

मला कळेना. कूलर असण्यात चूक काय? तिने मला शाळेच्या पोरासारखं समजावून सांगितलं. समुद्राकाठी हवाच ओली असते. तिथे कूलर लावला तर गार काही होत नाही, अंगाला कपडे तेवढे चिकटतात. त्यांच्या गावात एकाही घरी कूलर नाही. तिने पहिला कूलर पाहिला तो लग्न होऊन बीडला उतरली तेव्हा. "आणि साहेब," ती म्हणाली, "हे बघा, जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलंय, दोन्ही खोल्यांत मोठे कूलर, कूलरसाठी पाण्याची वेगळी टाकी. आमच्याकडचा कुणी असं लिहील का?"

मी फोटोकडे पाहत राहिलो. तेरा माणसांनी तो फोटो पाहिला होता, माझ्या बायकोने, मुलीने, मी, हवालदारांनी. उन्हाळ्यात आमच्याकडे खिडकीत कूलर असणं म्हणजे दाराला कडी असण्यासारखं. तो दिसतच नाही, नसला तरच दिसतो. आणि आम्ही सगळ्यांनी ते घर पसंत केलं होतं ते त्या कूलरमुळेच. म्हणजे फसवणारा आमच्यातलाच होता. आम्हाला काय लागतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, फक्त समुद्राला काय लागतं ते ठाऊक नव्हतं.

त्यानंतर तपास समुद्र सोडून बीडच्या बाजारात आला. कूलर पत्र्याचा होता, कारागिराने हाताने बनवलेला. हवालदार जागे झाले. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, ही जाळी कुठंतरी बघितलेली हाय. उन्हाळ्यात पत्रा ठोकण्याच्या आवाजाने ज्या गल्लीत बोलणं ऐकू येत नाही, तिथे ते मला घेऊन गेले. चौथ्या दुकानात एक म्हातारे मिस्त्री भेटले. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी चष्मा पुसला, फोटो उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"हा आपलाच डबा हाय, साहेब. जाळीला तीन पानं आपल्याबिगर कोण कापत न्हाई. असे दोन दिलते धारूरकडं, डोंगरावरल्या शेतातल्या घराला. मोटर आवाज करायली म्हणून मी सवता गेलतो."

कुठलाही खबरी इतक्या आनंदाने खबर देत नाही. चाचांना वाटलं, त्यांच्या कूलरचं बक्षीस निघालंय. खरं काय ते सांगताना मला जड गेलं, पण ते म्हणाले, कूलर चांगला होता म्हणूनच लोक भुलले की.

धारूरच्या बाजूला बालाघाटाच्या कडेवर ते घर होतं. मालक पुण्याला असायचा, आणि किल्ली होती त्याच्या एका लांबच्या नातलगाकडे. हा नातलग बाजारात फोटो स्टुडिओ चालवायचा. लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटो तो याच घरात काढत असे. पंच घेऊन आम्ही आत गेलो. तीच पडवी, तीच फरशी, चाचांच्या तीन पानांचा कूलर. खिडकीतून बाहेर पाहिलं तर घराखालून जमीन एकदम तुटलेली, समोर दरी, आणि दरीत दुपारचा फुफाटा. दरीच्या जागी त्याने समुद्र भरला होता. काम इतकं सफाईने केलेलं, की पंचनामा लिहिताना आमच्या एका पंचाने दोनदा खिडकीबाहेर डोकावून खात्री केली.

स्टुडिओवाल्याला ठाण्यात आणलं. तिशीचा, नीटनेटका, बोलायला गोड. त्याने उत्तरं तयार ठेवली होती. फोटो माझा हाय, पण कुणीतरी चोरला, इंटरनेटवर काय कुणाचं राहतं का साहेब, असं म्हणायचा. अंगझडतीत सापडलेल्या मोबाईलमध्ये काही नव्हतं. दीड तास मी सरळ विचारलं, वाकडं विचारलं, चहा पाजून विचारलं. गडी हलला नाही. वाचकांना वाटतं, पोलीस चौकशी म्हणजे दम देणं. दमाला सरावलेली माणसं फार असतात. माणूस हलतो तो त्याला ज्याचा अभिमान आहे त्या गोष्टीला हात लावला की.

तेवढ्यात वीज गेली. आमच्या ठाण्याचा कूलर घरघर करत थांबला आणि खोली तव्यासारखी तापली. मी टोपीने वारा घेत हवालदारांना म्हणालो, ज्याने कोणी ती जाहिरात केली तो गाढव असला पाहिजे. समुद्राकाठी कूलर ठेवला. असल्या घराला कोण भुलणार?

स्टुडिओवाला खुर्चीत ताठ झाला.

"गाढव कावून, साहेब? सहा घरं आली. सहाच्या सहा जणांनी पहिलं कूलरचंच इचारलं."

 वीज गेल्यावर हाताने जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदार बाईंचं पेन थांबलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बंद पडलेल्या कूलरकडे, आणि मग मान खाली घातली. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे नवा शिपाईही जाणतो. पण त्या कबुलीतून त्याने दाखवलेला दुसरा मोबाईल आणि सिमकार्ड कॅमेऱ्याच्या बॅगेच्या अस्तरातून निघालं, ते टिकलं. सहापैकी आमच्या माहितीत एकच फिर्याद होती. बाकी पाच घरं बहुधा लाजेने गप्प होती. सातवं घर कुणाचं झालं असतं, ते मी आजवर फक्त बायकोला सांगितलं होतं.

जबाब संपल्यावर मी त्याला सहज विचारलं, तू समुद्र पाहिलास का रे? तो म्हणाला, न्हाई साहेब, पुण्यापतूर गेलतो. मला राग यायला हवा होता, आला नाही. कारण मी तरी कुठे पाहिला होता? एकदा मुंबईला बंदोबस्ताला गेलो होतो. समुद्र दहा पावलांवर, आणि आठ तास मी त्याच्याकडे पाठ करून उभा, कारण गर्दी माझ्या समोर होती.

खातं गोठवलं, पण पैसे कोर्टाच्या आदेशाने आणि सावकाश मिळणार होते. निघायला तीन दिवस उरले होते. धाकटी सून आरोपी सापडल्याचं ऐकून आली, आभार मानले, आणि पहिल्यांदा खुर्चीत बसली. बसली ती रडायलाच. म्हणाली, आता दुसरं घर कुठलं बघू? माझ्या डोळ्यावर माझाच विश्वास न्हाई राहिला.

अंमलदार बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आईच्या घरापासून दोन घरं सोडून एक काकू दोन खोल्या भाड्याने देत असत. तक्रारदाराला ठाण्यातल्या माणसाने घर सुचवावं का, यावर मी थोडा विचार केला. नियमाच्या पुस्तकात असं काही वाचल्याचं आठवेना. मी म्हणालो, फोन लावा, पण सगळं मोठ्या आवाजात होऊ द्या, म्हणजे मलाही ऐकू येईल.

मग धाकट्या सुनेने पॅड काढलं. मी अनेक सरकारी वकिलांच्या उलटतपासण्या ऐकल्या आहेत, पण अशी नाही. खोल्या किती, पायऱ्या किती, चूल कशावर, पडवीची लांबी पावलांनी मोजून सांगा. काकूंनी फोन हातात धरून खरंच पावलं मोजली. मग हिने विचारलं, पाणी किती दिवसांनी येतं?

"कसलं पाणी?" काकू म्हणाल्या.

"नळाचं."

"नळ सोडला की येतं. म्हणजे काय?"

सुनेने पॅडवर बरोबरची खूण केली. मग तिने शेवटची अट विचारली, जी अट आधीच्या घराने सगळ्यात सुंदर पुरी केली होती. खिडकीतून समुद्र दिसतो का?

"दिसत नाही हो," काकू म्हणाल्या. "मधे सुरूचं बन आहे. ऐकू मात्र येतो."

सुनेने पॅड मिटलं. "हेच घर घेऊ," ती मला म्हणाली. "खोटं बोलायचं असतं तर दिसतो म्हणली असती."

ठाण्यात मी कित्येकांना माणूस ओळखायला शिकवलं असेल, पण इतक्या कमी शब्दांत ते मलाही जमलं नव्हतं. ठरल्या दिवशी सकाळी त्यांची गाडी ठाण्यासमोरून गेली. फौजीने उतरून सॅल्यूट केला. आत्याबाई खिडकीशी बसली होती, नवं लुगडं, मांडीवर भाकरीचं गाठोडं. गाडीच्या टपावर ताडपत्रीखाली काहीतरी चौकोनी बांधलेलं होतं. मी विचारलं नाही. तपास बंद झाला होता.

मला त्या वर्षी रजा मिळाली नाही, पुढच्या वर्षीही नाही. निवृत्त झाल्यावर मात्र बायकोने माझ्यापुढे एकच घर ठेवलं, आणि मी कूलरचं विचारलं नाही. आम्ही काकूंकडे पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. सामान ठेवलं, मी परसात जाऊन हातपाय धुऊन आलो. पडवीच्या टोकाला एक हिरवा पत्र्याचा कूलर उभा होता, जाळीला तीन पानं. आत गवत घातलेलं आणि त्यावर एक खुडूक कोंबडी पिसं फुगवून बसलेली.

काकू म्हणाल्या, तुमच्याकडच्या त्या तेरा माणसांनी आणला होता. मधला ऐकेचना, उन्हाळा म्हणजे कूलर पाहिजेच. एक रात्र लावला, सकाळी सगळे चिकचिक करत उठले आणि मग जाताना तो इथेच ठेवून गेले. आता दर मे महिन्यात येतात, आणि आत्याबाई आधी कोंबडीला भेटतात.

मी विचारलं, समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय म्हणाल्या त्या?

काकू हसल्या. म्हणाल्या, सगळी बनातून निघाली, आत्याबाई पुढे. पाण्यापाशी जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. धाकटी सून मागे उभी, पदर तोंडात धरून. मग त्यांनी मागे वळून तिला पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "लई हाय की गं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, या प्रकरणाने मला फोटोतल्या खुणा बघायला शिकवलं. ते आहेच. पण खरं शिकवलं ते वेगळं. माणूस घर शोधायला निघतो तेव्हा जे आपल्याकडे नाही, तेच आधी शोधतो, आणि आपल्याकडे जे आहे ते सगळ्या जगात असेल असं धरून चालतो. चोर आणि फिर्यादी दोघेही तसेच, आणि मधे बसलेला पोलीसही. एवढं कळलं असतं तर नोकरीतली निम्मी प्रकरणं मी लवकर सोडवली असती.

काकूंनी चहा आणला. म्हणाल्या, "तुमच्या भागातली माणसं मला लगेच ओळखू येतात. समुद्र इतका जवळ, पण आली की आधी समुद्राकडे जात नाहीत. परसातला नळ सोडतात, हात खाली धरून बघतात, आणि बंद करतात. त्या आत्याबाईंनीही तेच केलं होतं."

बायको माझ्याकडे बघून हसायला लागली. मी चहाचा कप घेतला. माझे हात अजून ओले होते.